नोकरी गेल्यानंतर घर चालवताना: नाशिककरांसाठी एक मार्गदर्शक

नाशिकमध्ये मंदीची चाहूल सर्वांत आधी पगारस्लिपमधील ओव्हरटाइमच्या रकान्याला लागते. वाहनांची मागणी घटली की सातपूर आणि अंबडमधील मोठ्या कारखान्यांतील ओव्हरटाइम बंद होतो, पुढे आठवड्यातला एखादा दिवस उत्पादनच होत नाही, मग त्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान वर्कशॉपच्या ऑर्डरी थांबतात, कंत्राटी कामगारांना ब्रेक दिला जातो आणि शेवटी परमनंट कामगार व ऑफिसच्या स्टाफपर्यंत पाळी येते. २०१९ च्या वाहन उद्योगातील मंदीत हा क्रम शहराने पाहिला आहे. २०२० च्या टाळेबंदीने तर क्रमाचीही सवड दिली नव्हती. ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे, म्हणजे ज्यांना बेकारीच्या काळात पैशाचे काय करायचे याचा काहीच अनुभव नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

या काळात प्रत्येक निर्णय रुपयांत मोजण्याऐवजी महिन्यांत मोजावा, असा माझा आग्रह आहे. हातात दीड लाख रुपये आहेत, या वाक्यातून काहीच कळत नाही. हातात पाच महिने आहेत, असे म्हटले की पुढे काय करायचे ते आपोआप दिसू लागते. दागिना मोडायचा की गहाण ठेवायचा, हप्ता भरायचा की बँकेत जाऊन बोलायचे, मिळेल ते काम धरायचे की थांबायचे, या सगळ्या प्रश्नांना एकच कसोटी लावावी: यामुळे आपले किती महिने वाढतात?

पहिली पायरी: सही करण्यापूर्वी

सर्वांत मोठे नुकसान बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी, एचआरच्या टेबलावर, पाच मिनिटांत होते. कामावरून कमी करताना अनेक ठिकाणी कामगाराकडून राजीनामा लिहून घेतला जातो. 'राजीनामा दिला तर हिशेब लवकर होईल, पुढच्या नोकरीला डाग लागणार नाही,' असे सांगितले जाते आणि घाबरलेला माणूस 'वैयक्तिक कारणास्तव' असे लिहून मोकळा होतो. त्या दोन शब्दांनी कामगार कपातीची भरपाई हातची जाते आणि पुढे सांगितलेल्या राज्य कामगार विम्याच्या बेकारी भत्त्यावरही पाणी सोडावे लागू शकते. कंपनी कमी करत असेल तर तसे पत्र कंपनीनेच द्यावे, असा आग्रह धरावा. राजीनाम्याचा कागद पुढे आला तर 'घरी विचारून उद्या सांगतो' एवढे सौम्य उत्तर पुरेसे असते. उद्यापर्यंत युनियनच्या माणसाला किंवा ओळखीच्या वकिलाला विचारता येते.

कायद्याने काय मिळते, याची ढोबळ कल्पना प्रत्येकाला असावी. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. शेवटचे वर्ष सहा महिन्यांहून जास्त भरले असेल तर ते पूर्ण धरले जाते. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्तींना हा नियम सहसा लागू होत नाही. त्यांनी नेमणूकपत्रातील नोटीस कालावधीचे कलम काढून वाचावे. कपात न करता काही दिवस नुसतेच घरी बसवले, म्हणजे ले-ऑफ दिला, तर ५० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वर्ष पूर्ण केलेल्या कामगाराला त्या दिवसांसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते.

ग्रॅच्युइटीचा, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा, हिशेब घरी करता येतो. शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला १५ ने गुणावे, सेवेच्या वर्षांनी गुणावे आणि २६ ने भागावे. म्हणजे ही बेरीज १४,००० रुपये आणि सेवा सात वर्षे आठ महिने असेल तर वर्षे आठ धरून सुमारे ६४,६०० रुपये होतात. यासाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितांनुसार ठरावीक मुदतीच्या करारावरील कामगाराला मात्र एका वर्षाच्या सेवेनंतरही प्रमाणशीर ग्रॅच्युइटी मिळते, आणि ही गोष्ट अशा करारावर काम करणाऱ्या पुष्कळ तरुणांच्या कानावर अजून गेलेली नाही. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत आणि राहिलेला पगार नोकरी संपल्यापासून दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. प्रत्यक्षात 'फुल अँड फायनल'च्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, नावाखाली दोन-दोन महिने फेऱ्या माराव्या लागतात, हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून मागणी तोंडी न करता ईमेलने किंवा पोच घेऊन करावी. उत्तर आले नाही तर कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज देता येतो. ठेकेदाराकडे असलेल्या कामगाराने लक्षात ठेवावे की ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी ज्या कंपनीत काम केले त्या मूळ मालकावर येते.

बाहेर पडताना नेमणूकपत्र, कमी केल्याचे पत्र, अनुभवाचा दाखला, शेवटच्या सहा महिन्यांच्या पगारस्लिपा, फॉर्म १६, पीएफचा यूएएन क्रमांक आणि राज्य कामगार विम्याचा क्रमांक, एवढे कागद हातात असावेत. कंपनीचा ईमेल त्याच संध्याकाळी बंद होतो. त्यामुळे पगाराशी संबंधित असलेले आपले स्वतःचे कागद आधीच काढून ठेवावेत. कंपनीचे ड्रॉइंग किंवा ग्राहकांच्या याद्या मात्र उचलू नयेत, त्यातून नसती भानगड उभी राहते.

कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि जुन्या आजारांसाठी भरलेला प्रतीक्षाकाळ त्यात धरला जातो, परंतु त्यासाठी अर्ज विमा संपण्याच्या आत करावा लागतो. घरात मधुमेह किंवा हृदयविकार असलेले वडीलधारे असतील तर ही चौकशी शेवटच्या दिवसाच्या आधीच करावी.

दुसरी पायरी: महिने मोजणे

घरी सांगण्याबद्दल एक वाक्य आधीच लिहितो. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळपर्यंत गोदाघाटावर किंवा मित्राच्या दुकानात वेळ काढायचा, हा प्रकार आपल्याकडे अजूनही घडतो, आणि त्याची किंमत फार मोठी असते, कारण ज्या घराला परिस्थिती माहीत नाही ते घर नेहमीसारखाच खर्च करत राहते. पहिल्या आठवड्यातच सर्वांनी एकत्र बसून वहीत हिशेब मांडावा. दहावीच्या पुढची मुले असतील तर त्यांनाही बसवावे.

एक उदाहरण घेऊ. सिडकोत भाड्याने राहणारे, खानदेशातून आलेले चौघांचे कुटुंब आहे. भाडे ७,५००, किराणा, दूध आणि भाजी ८,०००, गॅस, वीज आणि मोबाइल २,५००, शाळेचा खर्च २,०००, दुचाकीचा हप्ता ३,२००, औषधे १,००० आणि गावी आईवडिलांना २,०००. एकूण २६,२०० रुपये. हातात बचतीचे ४०,०००, कंपनीच्या शेवटच्या हिशेबाचे ३५,००० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण ६५,००० असे १,४०,००० रुपये आहेत. म्हणजे पाच महिन्यांच्या थोडे वर.

आता काटकसर लावू. गावी पैसे पाठवण्याऐवजी काही महिने गावाकडूनच गहू, ज्वारी, डाळ आणायची. आईवडिलांना यात कमीपणा वाटत नाही, उलट त्यांनाच बरे वाटते. किराण्यात दीड हजार, वीज आणि मोबाइलमध्ये सहाशे, आणि डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून औषधे घेतल्यास चारशे कमी होतात. खर्च २१,७०० वर येतो आणि महिने साडेसहाच्या आसपास जातात. याच वेळी घरातल्या कुणीही महिन्याला सहा हजारांचे काम मिळवले तर दरमहा बचतीतून फक्त १५,७०० जातात आणि तेच पैसे जवळपास नऊ महिने पुरतात. काटकसरीने साधारण एक महिना वाढला, छोट्याशा कमाईने अडीच. म्हणून चहात साखर किती घालायची यावर घरात वाद घालण्यापेक्षा थोडी आवक सुरू करण्याकडे लक्ष द्यावे, असे मला ठामपणे वाटते.

काटकसर करताना दोन गोष्टींना हात लावू नये. मुलांचे दूध-अंडे आणि घरातील कमावत्या माणसाचा मुदत विमा. विम्याचा हप्ता चुकला तरी वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला साधारण ३० दिवसांची आणि मासिक हप्त्याच्या पॉलिसीला १५ दिवसांची सवलत असते, तेवढ्यात तो भरावा. जुनी एलआयसी पॉलिसी मात्र घाईने सरेंडर करू, म्हणजे मुदतीआधी मोडू, नये. तिच्यावर कर्ज मिळते किंवा ती पेड-अप करता येते, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेची चालू ठेवता येते, आणि सरेंडर केल्यास भरलेल्या पैशाचा मोठा भाग बुडतो.

वीजबिलाचे एक सोपे गणित आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी असतो आणि त्यापुढील प्रत्येक युनिट लक्षणीय महाग पडते. महिन्याला १२०-१३० युनिट वापरणाऱ्या घराने गिझर आणि इस्त्रीवर थोडे नियंत्रण ठेवले तरी बिलात फरक दिसतो.

घरभाड्याबाबत घरमालकाशी स्पष्ट बोलावे. नाशिकच्या कामगार वस्त्यांमध्ये बहुतेक घरमालकांनी मंद्या पाहिलेल्या असतात, आणि चालू भाडेकरू जाऊन खोली दोन महिने रिकामी राहणे त्यांनाही परवडत नाही. भाडे कमी करा असे म्हणण्यापेक्षा 'तीन महिने अनामत रकमेतून वळते करा, काम लागल्यावर अनामत पुन्हा भरतो' हा प्रस्ताव अधिक वेळा मान्य होतो. तो दोन ओळींत लिहून दोघांनी सही करावी.

तिसरी पायरी: पीएफ आणि राज्य कामगार विमा

पीएफ काढण्याची घाई होते, कारण पैसा दिसत असतो. तो शेवटी काढायचा पैसा आहे. खात्यात वर्गणी थांबली तरी व्याज चालू राहते, आणि पाच वर्षांची सलग सेवा पूर्ण होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो. मोठी रक्कम असेल तर ती देतानाच टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो आणि पॅन जोडलेला नसेल तर कपात आणखी वाढते. नवी नोकरी दोन-तीन महिन्यांत मिळण्याची शक्यता असेल तर खाते तसेच ठेवून नंतर नव्या कंपनीकडे वर्ग करणे केव्हाही चांगले. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. ज्यांची सात-आठ वर्षे झाली आहेत त्यांनी पेन्शनचा भाग काढून घेतला तर तो काळ कायमचा वाया जातो. त्याऐवजी तो काळ पुढे धरला जावा म्हणून स्कीम सर्टिफिकेट घेता येते.

तरीही वेळ आलीच तर तयारी आधीपासून असावी. यूएएनला आधार, पॅन आणि बँक खाते जोडलेले आहे ना, नाव आणि जन्मतारीख सगळीकडे सारखी आहे ना, कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली आहे ना, हे पोर्टलवर पाहावे. 'विठ्ठल' हे नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकीकडे दोन टी आणि दुसरीकडे एक टी घेऊन बसलेले असले तर अर्ज परत येतो, आणि दुरुस्तीत जाणारे आठवडे नेमके अडचणीच्या काळातले असतात. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने होऊनही कंपनीने तारीख नोंदवली नाही तर सदस्य ती स्वतः भरू शकतो. रक्कम काढण्याच्या नियमांत ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने मोठा बदल ठरवला: नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढता यावी आणि उरलेली २५ टक्के १२ महिन्यांच्या बेकारीनंतर. अर्ज करण्याच्या दिवशी पोर्टलवर दिसणारा पर्याय पाहूनच आकडा धरावा. काम ऑनलाइन अडले तर ईपीएफओचे, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या संघटनेचे, विभागीय कार्यालय सातपूरला आहे. तिथे जाताना आधी केलेल्या तक्रारीचा क्रमांक सोबत न्यावा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत होता आणि ज्यांची ईएसआयची, म्हणजे राज्य कामगार विम्याची, वर्गणी कापली जात होती, त्यांच्यासाठी दोन योजना आहेत आणि दोन्हींचा उपयोग फार कमी लोक करतात. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी मिळते. किमान दोन वर्षे विमाकृत नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी झालेली असावी लागते, नोकरी गेल्यानंतर ३० दिवसांनी दावा करता येतो आणि हा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे. दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना कारखाना बंद पडल्यामुळे किंवा कपातीमुळे काम गेलेल्यांसाठी आहे. तिच्यात पहिले १२ महिने वेतनाच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता मिळू शकतो. आता राजीनाम्याच्या कागदाचे महत्त्व कळेल: या भत्त्यांसाठी काम आपण होऊन सोडलेले नाही, हे दाखवावे लागते आणि 'वैयक्तिक कारणास्तव' असे स्वतःच लिहून दिलेल्या माणसाला ते दाखवणे अवघड जाते. आपल्या प्रकरणात यांपैकी कोणती योजना बसते, हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात कागद दाखवून विचारावे.

विम्यातील उपचारही लगेच थांबत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबर या काळातील वर्गणीवर पुढील जानेवारी ते जूनपर्यंत आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढील जुलै ते डिसेंबरपर्यंत लाभाचा काळ असतो. त्यामुळे सातपूरच्या ईएसआय रुग्णालयाचे कार्ड नोकरी गेली म्हणून टाकून देऊ नये.

चौथी पायरी: हप्ते आणि देणी

कर्जाचा हप्ता चुकण्याआधी बँकेत जावे, चुकल्यानंतर नव्हे. ९० दिवस थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक (एनपीए), म्हणजे थकीत कर्ज, ठरते आणि मग शाखा व्यवस्थापकाच्या हातात फारसे काही उरत नाही. त्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करणे किंवा काही महिने फक्त व्याज भरणे यांसारखे मार्ग बँकेच्या धोरणानुसार निघू शकतात. सोबत नोकरी गेल्याचे पत्र, खर्चाचा वहीतला हिशेब आणि 'मी दरमहा एवढे भरू शकतो' असा ठोस आकडा न्यावा. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्वांना हप्तेसवलत दिली होती, ती अपवादात्मक परिस्थिती होती. नेहमीच्या मंदीत अशी सवलत आपण होऊन येत नाही, ती मागावी लागते.

सगळी देणी सारखी नसतात. घराचा हप्ता पहिला, कारण त्यामागे डोक्यावरचे छप्पर आहे. ज्या दुचाकीवरून काम शोधायचे वा करायचे तिचा हप्ता त्यानंतर. क्रेडिट कार्डाची थकबाकी मात्र सर्वांत धोकादायक असते, कारण तिचे व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांच्या घरात जाते आणि 'किमान रक्कम' भरत राहिल्याने मुद्दल जागचे हलत नाही. कार्डाची मोठी थकबाकी असेल तर ती हप्त्यांत रूपांतरित करून घ्यावी आणि कार्ड कपाटात ठेवावे. नव्या किराण्यासाठी ते वापरू नये.

घरात सोने असेल तर मोडण्यापेक्षा बँकेत तारण ठेवणे बहुतेकदा बरे पडते. किमतीच्या साधारण तीन-चतुर्थांशाइतके कर्ज मिळते, आणि काही बँकांत मुद्दल व व्याज मुदतीअखेर एकदम भरण्याची सोय असते. परंतु येथेही महिन्यांची कसोटी लावावी. तारणाने तीन महिने वाढणार असतील आणि नोकरीची काहीच चिन्हे नसतील, तर व्याज भरत भरत शेवटी लिलाव होण्यापेक्षा एखादा दागिना शांतपणे विकणे शहाणपणाचे ठरते. मंगळसूत्राबाबतचा निर्णय घरातील बाईंनीच घ्यावा, तो कुणी त्यांच्यावतीने घेऊ नये.

भिशीत असाल तर मधेच बाहेर पडण्यापेक्षा आपला नंबर आधी लावून घेण्याविषयी बोलावे. मात्र भिशी उचलल्यावर पुढचे हप्ते भरायचेच असतात, त्यामुळे ते खर्चात धरावेत. नातेवाइकांकडून उसने घेताना रक्कम, तारीख आणि परतीचा अंदाज लिहून द्यावा. मेव्हण्याला कागद लिहून देणे अवघड वाटते, पण त्यामुळे पुढची दिवाळी नीट जाते.

विनापरवाना सावकाराकडे जाऊ नये. दरमहा दहा टक्क्यांनी घेतलेले पैसे वर्षभरात व्याजापोटीच मुद्दलाहून अधिक होतात. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. पाच मिनिटांत कर्ज देणारी मोबाइल ॲप हा त्याच सावकारीचा नवा अवतार आहे. त्यांपैकी अनेक ॲप फोनमधील संपर्क आणि फोटो ताब्यात घेऊन बदनामीची धमकी देतात. एखादे ॲप अधिकृत बँक किंवा वित्तसंस्थेशी जोडलेले आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत पाहता येते. अधिकृत वसुली एजंटांनाही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास मनाई आहे. त्यांचा तगादा मर्यादेबाहेर गेला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यासाठीचा संपर्क क्रमांक १४४४८ आहे.

पाचवी पायरी: सरकारी आधार

येथे फार अपेक्षा ठेवू नये, परंतु जे आहे ते सोडूही नये. शिधापत्रिका प्राधान्य कुटुंब गटात असेल तर माणशी पाच किलो आणि अंत्योदय गटात असेल तर कुटुंबाला ३५ किलो धान्य मोफत मिळते. शहरात प्राधान्य गटाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ५९,००० रुपये असल्याने नुकतीच नोकरी गेलेले बहुतेक जण त्यात बसत नाहीत. तरीही केशरी शिधापत्रिका घरात हवीच, नावे अद्ययावत हवीत आणि ई-केवायसी झालेली हवी, कारण ती पुढच्या अनेक अर्जांना लागते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठरावीक उपचारांचे संरक्षण आहे. रुग्णाला दाखल करतानाच त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटावे, बिल झाल्यावर नव्हे. साध्या तपासण्या आणि बाळंतपणासाठी त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालय, महापालिकेचे डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय आणि नाशिकरोडचे बिटको रुग्णालय हे मार्ग आहेत. गर्दी असते, पण खासगी दवाखान्यातील एका दिवसाच्या खर्चात किराण्याचा महिना निघतो.

शाळेची फी थकण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून हप्ते मागावेत. मुलगी व्यावसायिक अभ्यासक्रमात असेल आणि ती आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास किंवा इतर मागास प्रवर्गात येत असेल, तर आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी २०२४ पासून पूर्ण शुल्कमाफी आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो आपले सरकार केंद्रातून आधीच काढून ठेवावा, कारण जून-जुलैत तिथे रांगा लागतात.

वर्षाच्या मध्येच नोकरी गेली असेल तर कापलेला टीडीएस परत मिळण्याची शक्यता असते, कारण कपात पूर्ण वर्षाच्या अंदाजाने झालेली असते. उत्पन्न नाही म्हणून विवरणपत्र भरायचे नाही, असा समज चुकीचा आहे. ते भरले तरच परतावा मिळतो.

सहावी पायरी: थोडी आवक

महास्वयं पोर्टलवर आणि केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर नोंदणी करावी, रोजगार मेळाव्यांच्या सूचना तिथे येतात. तथापि कारखान्यातील जागा बहुधा ओळखीतून, जुन्या सुपरवायझरच्या फोनवरून भरल्या जातात. आपण रिकामे आहोत हे लपवणारा माणूस तो फोन गमावतो.

सीएनसी, व्हीएमसी ऑपरेटर, फिटर, इलेक्ट्रिशियन अशा हातांना मंदीतही दुरुस्ती-देखभालीची कामे मिळतात, कारण कंपन्या नवी यंत्रे घेणे थांबवतात आणि जुनीच चालवतात. जिल्ह्याचा आणखी एक फायदा म्हणजे शेतीचा हंगाम. साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, ओझर या पट्ट्यातील द्राक्षांच्या पॅकहाउसला प्रतवारी, पॅकिंग, कोल्ड स्टोरेज आणि हिशेबासाठी माणसे लागतात. हे काम उभ्याने आणि गारठ्यात करायचे असते, रोजंदारीचे असते, पण नोकरी मिळेपर्यंत घरखर्चाची तोंडमिळवणी त्यातून होऊ शकते. लासलगाव आणि पिंपळगावच्या कांदा-टोमॅटो व्यवहारातही हंगामी कामे निघतात. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीमुळे बांधकाम, विद्युत आणि वाहतुकीची कामेही शहरात सुरू आहेत.

डिलिव्हरीचे काम धरणाऱ्यांनी दिवसाच्या कमाईतून पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि टायरची झीज वजा करून खरा आकडा काढावा. ॲपवर दिसणारी रक्कम आणि हातात उरणारी रक्कम यांत मोठी तफावत असते. अशा कामगारांनी असंघटित कामगारांसाठीची ई-श्रम नोंदणीही करून घ्यावी.

वडापावची गाडी, मसाल्यांचा घरगुती उद्योग किंवा फ्रँचायझी यांत पीएफ आणि ग्रॅच्युइटी एकदम ओतण्याचा मोह पहिल्या दोन महिन्यांत प्रबळ असतो. धंदा करूच नये असे माझे म्हणणे नाही. मंदीत गिऱ्हाईकही हात आखडते, म्हणून आधी शनिवार-रविवारी घरून लहान प्रमाणात विकून पाहावे आणि गणित जमले तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या अनुदानासाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. कुटुंबाचे किमान चार महिने बाजूला ठेवून उरेल तेवढेच भांडवल समजावे.

नोकरी लावून देण्यासाठी अनामत, गणवेशाचे पैसे किंवा 'व्हेरिफिकेशन फी' मागणारा प्रत्येक फोन फसवा समजावा. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

काम लागल्यावर

नवी नोकरी आधीपेक्षा कमी पगाराची असेल, हे गृहीत धरावे. ती घ्यावी की नाही, हे वहीतील उरलेल्या महिन्यांवर ठरवावे. चारपेक्षा अधिक महिने हातात असतील तर थोडे थांबून बोलणी करता येतात, दोन उरले असतील तर पगार कमी असला तरी रुजू व्हावे आणि शोध चालू ठेवावा. रुजू होताना जुनाच यूएएन द्यावा, नवा उघडू देऊ नये, आणि जुनी शिल्लक वर्ग झाली का ते दोन महिन्यांनी तपासावे. कायम होईपर्यंत खर्चाचा कमी केलेला आकडाच चालू ठेवावा. पहिल्या पगारातून थकलेला विमा हप्ता आणि क्रेडिट कार्ड, नंतर नातेवाइकांचे उसने आणि घरमालकाची वळती केलेली अनामत फेडावी. तारण ठेवलेल्या सोन्याची मुदत कोणत्या तारखेला संपते ते त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.